आयएनआर उतरेपर्यंत रुग्णाला ताटकळत ठेवू नका : आरोग्य खात्याला खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्र राज्याच्या सार्वजनिक आरोग्य आणि वैद्यकीय शिक्षण विभागांतले वरिष्ठ अधिकारी,
राज्य रक्त संक्रमण परिषदेचे सदस्य,
आणि यकृताचे रुग्ण दाखल करून घेणाऱ्या प्रत्येक रुग्णालयाचे अधीक्षक यांस,

सविनय नमस्कार.

मी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे. प्रोथ्रॉम्बिन टाइम, म्हणजे वॉर्डात सगळे ज्याला ‘पीटी-आयएनआर’ म्हणतात, ती रक्त गोठायला किती वेळ लागतो हे मोजणारी तपासणी लावणं हे माझं रोजचं काम (आयएनआर म्हणजे त्या वेळेवरून काढलेला आकडा). निळ्या झाकणाची ट्यूब येते, मी ती सेंट्रिफ्यूजला लावते, वर आलेला प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पेशींविना द्रव भाग, मशिनवर ठेवते आणि जो आकडा येतो तो सही करून वॉर्डात पाठवते. सिरॉसिसच्या, म्हणजे यकृत कायमचं खराब होऊन आकसलेल्या, रुग्णाच्या बाबतीत त्या आकड्यावरून पुढे जे निर्णय घेतले जातात, त्याबद्दल हे पत्र आहे.

माझं म्हणणं आधीच सांगते. सिरॉसिसच्या रुग्णाचा आयएनआर वाढला आहे एवढ्या एका कारणावरून त्याच्या पोटातलं पाणी काढायचं थांबवू नका, आणि तो आकडा खाली आणण्यासाठी प्लाझ्माच्या पिशव्या चढवू नका. तसा लेखी नियम काढा आणि प्रत्येक वॉर्डात पोहोचवा. नियमाला लागणारं ज्ञान जगात आणि आपल्या देशात कित्येक वर्षांपासून उपलब्ध आहे. मी जिथे जिथे काम केलं, तिथल्या एकाही वॉर्डात ते भिंतीवर लावलेलं मला दिसलं नाही.

हे मी केवळ तंत्रज्ञ म्हणून लिहीत नाही. माझ्या थोरल्या भावाला सिरॉसिस होता. त्याने दारूला कधी हात लावला नव्हता. मधुमेह होता, त्यातून यकृतात चरबी साठत गेली आणि पुढे यकृत आकसलं. (दारूमुळे झालं असतं, तरी या पत्रातलं एक अक्षरही मी बदललं नसतं.) शेवटच्या वर्षात पोटात पाणी भरायला लागलं. एकदा ते इतकं भरलं की आडवं पडलं की दादाचा श्वास कोंडायचा. अंगात कणकण होती, बोलताना मधूनच शब्द हरवत होते. दाखल केलं. ते रुग्णालय सरकारी होतं की खासगी हे मी सांगत नाही, कारण ही पद्धत मी दोन्हीकडे पाहिली आहे.

अशा अवस्थेत सर्वांत आधी करायची गोष्ट म्हणजे पोटात बारीक सुई घालून थोडं पाणी काढायचं आणि तपासायला पाठवायचं. दादाचा आयएनआर २.१ आला आणि आम्हाला सांगण्यात आलं, “रक्त पातळ झालंय. आत्ता सुई घातली तर आत रक्तस्राव होईल. आधी चार पिशव्या प्लाझ्माची सोय करा.”

दादाचा रक्तगट एबी. या गटाच्या माणसाला कुणाचंही रक्त चालतं असं आपण शाळेत शिकतो. ते लाल पेशींपुरतं खरं आहे. प्लाझ्माच्या बाबतीत नेमकं उलटं असतं, एबीच्या रुग्णाला एबीचाच प्लाझ्मा लागतो, आणि हा सर्वांत कमी लोकांमध्ये सापडणारा गट. वहिनी आणि माझा भाचा हातात फॉर्म आणि बर्फाचा डबा घेऊन एका रक्तपेढीतून दुसऱ्या रक्तपेढीत फिरले. बदली रक्तदाते आणा म्हणून सांगितलं, तेही शोधले. प्लाझ्मा मिळाला, वितळवला, चढवला. आधीच पायांवर सूज असलेल्या माणसाच्या शिरेत जवळपास लिटरभर द्रव गेला आणि दादाची धाप वाढली, ऑक्सिजन लावावा लागला. पुन्हा नमुना गेला. आयएनआर १.८. “दीडच्या आत आला की बघू.” पुन्हा पिशव्या.

शेवटी पाणी काढलं, तेव्हा त्यातल्या न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, २५० च्या कितीतरी वर होत्या. एका घन मिलिमीटरमध्ये २५० ही सीमा आहे. त्याच्या वर गेलं की पोटातल्या पाण्यात जंतुसंसर्ग झाला आहे असं धरून लगेच प्रतिजैविकं आणि अल्ब्युमिन सुरू करायचं असतं. दादाला ते मिळालं, पण प्लाझ्माची वाट बघून झाल्यावर. अमेरिकेत २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, असा संसर्ग असलेल्या ज्या रुग्णांचं पाणी तपासायला १२ तासांपेक्षा जास्त उशीर झाला, त्यांच्यात रुग्णालयात मृत्यू होण्याची शक्यता वेळेत तपासलेल्यांच्या २.७ पट आढळली. त्या रुग्णांसाठी एकेक तास मोलाचा होता.

त्या खेपेला दादा वाचला. पुढे काही महिन्यांनी मूत्रपिंडं निकामी होऊन तो गेला. प्लाझ्मामुळे गेला असा माझा दावा नाही, कोणत्याही डॉक्टरवर माझा आरोप नाही. पण माझ्याच टेबलावर निघतो तसा एक आकडा त्याच्या उपचाराच्या आड उभा राहिला, आणि तो आकडा त्या प्रश्नाचं उत्तर देण्यासाठी बनवलेलाच नव्हता.

हे नीट समजून घ्यायला हवं, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. वाचणाऱ्यांत रुग्णांचे नातेवाईकही असतील.

रक्त गोठवणारे बहुतेक घटक यकृतात तयार होतात. यकृत खचलं की ते कमी पडतात, पीटी लांबतो, आयएनआर वाढतो. इथपर्यंत सगळे बरोबर असतात. पण रक्त नको तिथे गोठू नये म्हणून त्याला आवरणारे घटक, प्रोटीन सी, प्रोटीन एस, अँटिथ्रॉम्बिन, हेही मुख्यतः यकृतातच बनतात आणि तेही तितकेच घटतात. म्हणजे तराजूची दोन्ही पारडी एकदम हलकी होतात आणि काटा बऱ्याचदा मध्याजवळच राहतो. शिवाय फॅक्टर आठ आणि व्हॉन विलेब्रँड फॅक्टर हे दोन घटक रक्तवाहिन्यांच्या अस्तरातून येतात. सिरॉसिसमध्ये ते वाढलेले असतात. वाढलेला व्हॉन विलेब्रँड फॅक्टर कमी पडलेल्या प्लेटलेटची उणीव बऱ्याच अंशी भरून काढतो.

पीटीच्या ट्यूबमध्ये यातलं फक्त एक पारडं मोजलं जातं. प्रोटीन सी जागं व्हायला थ्रॉम्बोमोड्युलिन लागतं. ते शरीरात रक्तवाहिनीच्या अस्तरावर असतं, माझ्या ट्यूबमध्ये नसतं. त्यामुळे आवर घालणारी बाजू किती घटली आहे हे त्या तपासणीला दिसतच नाही. इटलीतल्या त्रिपोदी आणि मान्नुच्ची यांच्या गटाने २००५ साली सिरॉसिसच्या रुग्णांच्या प्लाझ्मात थ्रॉम्बोमोड्युलिन घालून मोजणी केली, तेव्हा रक्त गोठवणारं थ्रॉम्बिन निरोगी माणसांइतकंच तयार होताना दिसलं. या गोष्टीला वीस वर्षं होऊन गेली.

आणि आयएनआर आला कुठून? वॉरफॅरिनसारख्या, रक्त गोठू न देणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या रुग्णांचा डोस ठरवताना वेगवेगळ्या प्रयोगशाळांचे आकडे जुळावेत म्हणून १९८३ साली जागतिक आरोग्य संघटनेने ती पद्धत स्वीकारली. तपासणीत वापरायच्या रसायनाची जी संवेदनक्षमता ठरवली जाते, तीही वॉरफॅरिन घेणाऱ्यांच्या प्लाझ्मावरून. यकृताच्या रुग्णासाठी ते गणित जुळत नाही. एकाच रुग्णाचं एकाच वेळी घेतलेलं रक्त दोन प्रयोगशाळांत वेगवेगळ्या रसायनांवर लावलं, तर दोन आयएनआर येऊ शकतात. एका ठिकाणचा आकडा ‘सुई चालेल’ म्हणेल आणि दुसऱ्या ठिकाणचा ‘प्लाझ्मा आणा’.

आयएनआर टाकाऊ आहे असं मी म्हणत नाही. यकृत किती काम करतंय हे सांगणारा तो एक चांगला निर्देशक आहे. यकृत किती बिघडलं आहे हे सांगणाऱ्या मेल्ड स्कोअरमध्ये तो आहे, प्रत्यारोपणाच्या यादीत कोणाला आधी घ्यायचं हे ठरवण्यात त्याचा हात आहे. उलट विनाकारण प्लाझ्मा चढवून आपण तो निर्देशकही गढूळ करतो. पण यकृताची ताकद मोजणं वेगळं आणि सुई टोचली तर किती रक्त वाहील याचा अंदाज बांधणं वेगळं.

आता माझ्या तक्रारी.

पहिली वर आलीच आहे, पोटातलं पाणी काढण्याआधी आयएनआरचा उंबरठा घालणं. मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या नोंदींत मोठ्या प्रमाणात पाणी काढण्याच्या ११०० प्रक्रिया होत्या. त्यांतल्या काही रुग्णांचा आयएनआर ८.७ पर्यंत होता, प्लेटलेट १९,००० पर्यंत खाली होत्या. रक्तस्रावाची एकही लक्षणीय घटना घडली नाही, आणि आधी प्लाझ्मा किंवा प्लेटलेट देण्याचा शिरस्ता तिथे नव्हता. अमेरिकेच्या यकृततज्ज्ञ संघटनेने २०१२ च्या जलोदराच्या मार्गदर्शनातच अशा प्लाझ्माची गरज नाही असं म्हटलं होतं, २०२१ मध्ये ते अधिक स्पष्टपणे मांडलं. युरोपीय संघटनेने २०२२ मध्ये रक्तस्राव आणि गुठळ्या या विषयावर स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वं काढली, तिथेही आयएनआर दुरुस्त करण्यासाठी प्लाझ्मा देऊ नये असंच आहे. सोनोग्राफीने जागा पाहून, पोटाच्या भिंतीतली धमनी टाळून, सरावलेल्या हाताने सुई घालणं याने जेवढी सुरक्षितता मिळते तेवढी चार पिशव्यांनी मिळत नाही. यासाठी सोनोग्राफी मशीन वॉर्डात फिरवता यायला हवं. अनेक ठिकाणी ते दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत कुलूपबंद असतं आणि संध्याकाळनंतर उघडत नाही.

दुसरी तक्रार प्लाझ्माबद्दलची. ‘देऊन ठेवू, नुकसान तर नाही’ हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे की ते खोडून काढणं मला गरजेचं वाटतं. नुकसान होतं. प्लाझ्माचा डोस किलोमागे १० ते १५ मिलिलिटर, म्हणजे साठ किलोच्या माणसाला ६०० ते ९०० मिलिलिटर. ज्या रुग्णाचं शरीर पाणी धरून ठेवतंय त्याच्यावर हा भार पडतो. फुप्फुसांत पाणी साचू शकतं, अ‍ॅलर्जी येऊ शकते, क्वचित रक्तघटकांमुळे फुप्फुसांना तीव्र इजा होते आणि ती जीवघेणी असते. शिवाय द्रव वाढला की यकृताकडे जाणाऱ्या पोर्टल शिरेतला दाब वाढतो, आणि सिरॉसिसमध्ये घातक रक्तस्राव होतो तो मुख्यतः याच दाबामुळे. रक्तस्राव टाळायला दिलेली गोष्ट रक्तस्रावाच्या कारणालाच बळ देते. मिळतं काय? आकडा थोडा उतरतो, तोही काही तासांपुरता, कारण पीटी ज्याच्यावर सर्वाधिक अवलंबून असतो तो फॅक्टर सात चार ते सहा तासांत निम्मा होतो.

प्रत्येक पिशवीमागे एक रक्तदाता असतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत महाविद्यालयं बंद असतात, शिबिरं होत नाहीत, रक्तपेढ्यांचे साठे खाली जातात, आणि त्याच दिवसांत बाळंतपणातल्या अतिरक्तस्रावासाठी, अपघातातल्या जखमींसाठी प्लाझ्मा लागतो. तो एका कागदावरचा आकडा नीटनेटका दाखवण्यात जाऊ नये.

तिसरी. अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा फुटून रुग्ण रक्ताच्या उलट्या करत येतो, तेव्हा घरच्यांच्या हातात पहिला कागद रक्ताचा आणि प्लाझ्माचा पडतो. तिथे काय वाचवतं हे आता पुरेसं स्पष्ट आहे. टर्लिप्रेसिन किंवा ऑक्ट्रिओटाइडसारखं दाब उतरवणारं औषध ताबडतोब, प्रतिजैविक पहिल्याच तासांत, आणि रुग्ण सावरला की १२ तासांच्या आत एंडोस्कोपी करून शिरेला बँड. लाल पेशी हात राखून द्यायच्या. बार्सिलोनातल्या २०१३ च्या चाचणीत हिमोग्लोबिन ७ च्या खाली गेल्यावरच रक्त दिलेल्या रुग्णांचं जगण्याचं प्रमाण सढळ रक्त दिलेल्यांपेक्षा चांगलं होतं. पोर्टल शिरेच्या वाढलेल्या दाबावरच्या बाव्हेनो सातव्या परिषदेच्या मार्गदर्शनात तर अशा रक्तस्रावात प्लाझ्मा देऊ नये असं थेट म्हटलं आहे. रक्तस्राव थांबवायला देतात त्या ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिडचंही तेच. ‘हॉल्ट-इट’ ही १२,००९ रुग्णांची चाचणी २०२० साली ‘लॅन्सेट’मध्ये आली. पचनमार्गातल्या रक्तस्रावात या औषधाने मृत्यू कमी झाले नाहीत, शिरांमधल्या गुठळ्या मात्र वाढल्या. तरी हे इंजेक्शन आजही सवयीने दिलं जाताना मी बघते, आणि टर्लिप्रेसिन बाहेरून आणायला सांगितलं जातं. जे कामाचं नाही ते वॉर्डातल्या ट्रॉलीवर हाताशी आणि जे जीव वाचवतं ते रस्त्यापलीकडच्या दुकानात, ही व्यवस्था बदलणं तुमच्या हातात आहे. रात्री एंडोस्कोपीची सोय नसलेल्या जिल्ह्यातून रुग्ण कुठे पाठवायचा हेही ठरलेलं नसतं. नातेवाईक रुग्णवाहिकेत बसून फोन लावत असतात.

चौथी तक्रार अशी, की या रुग्णांमध्ये गुठळीचा विचारच होत नाही. ‘आयएनआर दोन आहे म्हणजे याचं रक्त आधीच पातळ आहे, याला कशाला हेपरिन’ हा समज चुकीचा आहे (हेपरिन म्हणजे गुठळी होऊ न देणारं इंजेक्शन). वाढलेला आयएनआर पायातल्या शिरेतल्या गुठळीपासून कसलंही संरक्षण देत नाही. पोर्टल शिरेत गुठळी होणं तर सिरॉसिसमध्ये वारंवार दिसतं, आणि ती पसरली तर पुढे प्रत्यारोपणही अवघड होऊन बसतं. इटलीत ७० रुग्णांवर झालेल्या आणि २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत वर्षभर रोज एनॉक्सापॅरिन हे हेपरिनच्याच प्रकारचं औषध दिलेल्यांमध्ये पोर्टल शिरेच्या गुठळ्या टळल्या, यकृत ढासळण्याचं प्रमाणही कमी झालं, आणि रक्तस्राव वाढला नाही. ही एक छोटी चाचणी आहे, तिच्यावरून प्रत्येकाला इंजेक्शन द्या असं कोणी म्हणणार नाही. पण अंथरुणाला खिळलेल्या, एक पाय दुसऱ्यापेक्षा सुजलेल्या रुग्णाचा डॉप्लर, म्हणजे शिरेतला रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफीसुद्धा ‘आयएनआर वाढलाय’ म्हणून होऊ नये, हे मला मान्य नाही.

पाचवी माझ्या स्वतःच्या खात्यातली, आणि इथे मला जास्त बोलायचं आहे.

पीटीच्या ट्यूबमध्ये ३.२ टक्के सायट्रेट असतं आणि रक्ताचं त्याच्याशी प्रमाण नऊला एक असावं लागतं. ट्यूब खुणेपर्यंत भरलेली नसेल तर सायट्रेट जास्त होतं आणि पीटी खोटा लांबतो. यकृताच्या रुग्णाच्या शिरा सापडत नाहीत, हात निळेजांभळे झालेले असतात, अर्धी ट्यूब भरली की सिस्टर थांबतात. त्यांचा दोष नाही, एका सिस्टरकडे वॉर्डभर रुग्ण असतात. कधी हेपरिन लावलेल्या कॅथेटरमधूनच रक्त ओढलेलं असतं. असा नमुना आम्ही परत पाठवला की ‘रुग्ण सिरियस आहे, लावून द्या’ असा फोन येतो. त्या आकड्यावर प्लाझ्माच्या पिशव्या ठरतात. नमुना नाकारण्याचा अधिकार आम्हाला लेखी द्या.

जे मोजायला हवं ते मात्र मोजलं जात नाही. रक्तस्राव सुरू असलेल्या रुग्णाचं फायब्रिनोजेन, म्हणजे गुठळी ज्यापासून बनते ते प्रथिन, किती आहे हे कळलं तर क्रायोप्रेसिपिटेट (प्लाझ्मातून काढलेला फायब्रिनोजेनयुक्त घटक) द्यायचं की नाही हे ठरवायला मदत होते. आपल्याकडच्या बऱ्याच कोअ‍ॅग्युलेशन मशिनवर ही तपासणी होऊ शकते, फक्त रसायन मागवलेलं नसतं. थ्रॉम्बोइलॅस्टोग्राफीत गुठळी बनताना, घट्ट होताना आणि विरघळताना सगळं रक्त एकत्र पाहिलं जातं. दिल्लीतल्या एम्स आणि आयएलबीएस (यकृताच्या आजारांची संस्था) या संस्थांतल्या डॉक्टरांनी आपल्याच देशातल्या सिरॉसिसच्या रुग्णांवर दाखवून दिलं आहे, की या तपासणीच्या आधाराने निर्णय घेतले तर प्लाझ्मा आणि प्लेटलेट कितीतरी कमी लागतात. मॉदेनाजवळच्या एका इटालियन गटाने २०१६ साली ६० रुग्णांवर हेच पाहिलं. प्रक्रियेआधी नेहमीच्या पद्धतीत सगळ्यांना रक्तघटक दिले गेले, या तपासणीच्या गटात फक्त १६.७ टक्के रुग्णांना. ही तपासणीसुद्धा रक्तस्रावाचं भाकीत अचूक करत नाही, तिची कार्ट्रिज महाग आहेत, म्हणून प्रत्येक तालुक्याला मशीन द्या अशी माझी मागणी नाही. पण ती मशीन आल्याशिवाय काही बदलणार नाही असंही कोणी समजू नये. पोटातलं पाणी काढण्याआधी प्लाझ्मा न देण्यासाठी कोणतंही मशीन लागत नाही.

धोका खरोखर कुठे असतो, तेही लिहिते, म्हणजे मी सगळ्यांना सरसकट सुया टोचा म्हणते आहे असा गैरसमज नको. मूत्रपिंडं बिघडलेली असणं, अंगात जंतुसंसर्ग असणं, फायब्रिनोजेन किंवा प्लेटलेट फारच खाली जाणं, कोपराला टोचलेल्या जागेतून किंवा हिरड्यांतून आपोआप रक्त झिरपत राहणं, आधीच्या प्रक्रियेत रक्तस्राव झालेला असणं. अडथळ्याची कावीळ असेल, दिवसचे दिवस जेवण नसेल, प्रतिजैविकं चालू असतील, तर व्हिटॅमिन के कमी पडलेलं असू शकतं, ते द्यावं. मेंदूची शस्त्रक्रिया किंवा तशी मोठी जोखीम असेल तर तज्ज्ञांनी त्या रुग्णापुरता वेगळा विचार करावा. म्हणजे रुग्णाकडे बघावं लागतं. एका आकड्याकडे बघून हे होत नाही.

सहावी तक्रार थोडक्यात. नातेवाईकांकडून ‘रक्त पातळ असल्याने जीवाला धोका आहे’ अशी सही घेतली जाते, पण उशिराचा धोका कोणी सांगत नाही. वहिनीला कोणी म्हणालं असतं की पाणी तपासायला थांबणं हेही धोक्याचं आहे, तर तिने प्रश्न विचारला असता.

हे सगळं निवासी डॉक्टरांच्या अज्ञानामुळे होतं असं मला वाटत नाही. त्यांतले अनेक जण माझ्याशी प्रयोगशाळेच्या खिडकीशी उभं राहून मोकळेपणाने बोलले आहेत. मार्गदर्शक तत्त्वं त्यांनी वाचलेली असतात. पण आयएनआर २.३ असताना सुई घातली आणि काही कमीजास्त झालं, तर उद्या राउंडला उत्तर कोण देणार? नातेवाईक अंगावर आले, पोलिसांत तक्रार गेली, तर केस पेपरवर काय दाखवणार? प्लाझ्मा चढवलेला असला की ‘सर्व काळजी घेतली’ असं लिहिता येतं. चोवीस तास जागून काम करणाऱ्या तरुण डॉक्टरला एकट्याने त्या भीतीशी झुंजायला लावणं अन्याय्य आहे. सरकारी शिक्क्याचं एक पान त्याच्या पाठीशी असेल तर तो योग्य तेच करेल. म्हणूनच हे पत्र डॉक्टरांना न लिहिता तुम्हाला लिहिलं आहे.

मागण्या अशा:

१. सिरॉसिसच्या रुग्णाच्या पोटातलं पाणी काढण्याआधी आयएनआर दुरुस्त करण्यासाठी प्लाझ्मा देऊ नये, आणि तपासणीसाठी पाणी दाखल झाल्यापासून १२ तासांच्या आत काढावं, असा दोन्ही विभागांचा संयुक्त आदेश मराठीत आणि इंग्रजीत काढावा. त्यात अपवाद कोणते हे स्पष्ट लिहावं. या आदेशाप्रमाणे वागणाऱ्या डॉक्टरच्या पाठीशी खातं उभं राहील हे वाक्य त्यात हवंच.

२. तो आदेश लिहिण्यासाठी यकृततज्ज्ञ, रक्तसंक्रमणतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ यांची समिती नेमावी, आणि तीत एक परिचारिका व एक प्रयोगशाळा तंत्रज्ञ असावा.

३. रक्तपेढीच्या मागणी फॉर्मवर प्लाझ्मासाठी कारणाचा रकाना सक्तीचा करावा. ‘आयएनआर वाढलेला’ एवढंच कारण असेल तर रक्तपेढीच्या डॉक्टरांनी वॉर्डाला फोन करून बोलावं. राज्य रक्त संक्रमण परिषदेने किती प्लाझ्मा कोणत्या कारणासाठी गेला याचा वार्षिक हिशेब जाहीर करावा.

४. टर्लिप्रेसिन किंवा ऑक्ट्रिओटाइड, सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन आणि अल्ब्युमिन जिल्हा रुग्णालयांच्या तातडीच्या साठ्यात कायम असावं. रात्रीच्या एंडोस्कोपीसाठी प्रत्येक जिल्ह्याला एक ठरलेलं केंद्र आणि एक ठरलेला फोन असावा.

५. जिल्हा स्तरावर फायब्रिनोजेन तपासणी सुरू करावी, अपुरा भरलेला नमुना नाकारण्याचा लेखी अधिकार प्रयोगशाळेला द्यावा, आणि यकृताच्या रुग्णाच्या पीटी अहवालाखाली ‘हा आकडा रक्तस्रावाचा धोका दर्शवत नाही’ अशी ओळ छापण्याची परवानगी द्यावी. थ्रॉम्बोइलॅस्टोग्राफी निदान मोठ्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत, जिथे यकृताचे रुग्ण एकवटतात तिथे, उपलब्ध करावी.

६. दाखल झालेल्या प्रत्येक सिरॉसिसच्या रुग्णाच्या कागदावर गुठळीच्या धोक्याची नोंद व्हावी. हेपरिन द्यायचं की नाही हे डॉक्टर ठरवतील, पण प्रश्न विचारला गेला पाहिजे.

यातल्या पहिल्या आणि तिसऱ्या मागणीला, आणि पाचव्या मागणीतल्या छापील ओळीला जवळपास काहीच खर्च येत नाही. त्यांच्यासाठी पुढच्या अर्थसंकल्पाची वाट पाहावी लागू नये. उरलेल्यांचं वेळापत्रक जाहीर करावं. समितीला प्रयोगशाळेच्या बाजूने जी काही मदत लागेल, नमुन्यांच्या नोंदी कशा ठेवायच्या, अहवालाचा मसुदा कसा असावा, ती करायला मी आणि माझ्या ओळखीतले अनेक तंत्रज्ञ ड्युटी संपल्यावर यायला तयार आहोत. या पत्राचं उत्तर मला खासगी नको. ते विभागाच्या संकेतस्थळावर, सर्वांना वाचता येईल असं द्यावं, आणि आदेश निघणार असेल तर त्याची तारीख त्यात असावी.

कळावे,

आपली,
एक प्रयोगशाळा तंत्रज्ञ, आणि सिरॉसिसच्या एका रुग्णाची बहीण